विमान उभं राहिलं की आजारी पडतं

गेल्या अंकात माझं ब्रन्टिंगथॉर्पवरचं टिपण छापून आलं आणि पत्रांचा ढीग पडला. ज्यांनी ते वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मी नाशिकजवळच्या ओझरच्या, मिग विमानं बांधणाऱ्या एचएएल कारखान्याच्या हायड्रॉलिक्स (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेच्या) विभागातून निवृत्त झालेला माणूस. मुलगी-जावई इंग्लंडात लेस्टरशायरमधल्या लटरवर्थ गावी राहतात. २०१२ ते २०१९ या काळात आम्ही दोघं बहुतेक उन्हाळे त्यांच्याकडे काढले. तिथून जवळच ब्रन्टिंगथॉर्पचा जुना लष्करी विमानतळ आहे आणि माझे रविवार तिथे जायचे. हौशी मंडळी तिथे निवृत्त लढाऊ विमानं जपायची, आणि जपायची म्हणजे चालती ठेवायची. संपादकांनी निवडून दिलेल्या पत्रांना उत्तरं देतो.

प्रश्न : काका, तिथे तुम्ही नक्की करत काय होतात? मिगवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते लोक ब्रिटिश विमानाला हात लावू देतात?
— एक वाचक, सातारा

लगेच नाही देत, आणि देऊही नये. पहिले तीन रविवार मी झाडू मारला, तेलाचे ट्रे पुसले आणि चहाचे मग विसळले. त्यात अपमान वाटण्यासारखं काही नव्हतं. ओझरला नवीन पोरगा आला की आम्ही काय वेगळं करायचो?

जावयानं मला पहिल्यांदा नेलं तेव्हा शेडमध्ये लायटनिंग उभं होतं. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं, १९६० साली ब्रिटिश हवाई दलात दाखल झालेलं आणि १९८८ मध्ये निवृत्त झालेलं. नाक बघूनच मी थबकलो. समोर गोल तोंड, त्यातून हवा आत जाणार, आणि मधोमध रडारचा सुळका, थेट आपल्या मिग-२१ सारखं. मागे गेलो तर दोन इंजिनं शेजारी-शेजारी नाहीत, एकावर एक! वरचं जरा मागे, खालचं जरा पुढे. मी जावयाला म्हटलं, "अरे, हे तर डबल डेकर मिग आहे." त्यानं ते इंग्रजीत सांगितलं आणि तिथली म्हातारी मंडळी खूश झाली.

मग मी खाली वाकून ट्रेमधल्या तेलाला बोट लावलं. लाल. आमच्या रशियन विमानांचं तेलही लालच असायचं. वास जवळजवळ तोच. पस्तीस वर्षं ज्या वासात गेली, तो सात हजार किलोमीटरवर पुन्हा नाकात गेला, तर माणूस दुसऱ्या रविवारी परत जाणारच ना?

लायटनिंग गळतं, बरं का. इंधन गळतं, तेल गळतं. नोकरीत असतानाही ते गळायचंच, असं तिथले जुने फिटर कौतुकानं सांगायचे, घरातल्या हट्टी म्हाताऱ्याबद्दल सांगावं तसं. ही मंडळी बहुतेक हवाई दलातली निवृत्त, सत्तरीच्या आसपासची. त्यांची आपापसातली नावंही मजेशीर. सांगाडा आणि हायड्रॉलिक्सवाला तो 'रिगर'. इंजिनवाला 'सूटी', म्हणजे काजळ्या. शस्त्रं जोडणारा 'प्लंबर'. आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना म्हणायचं 'फेअरी', म्हणजे पऱ्या, कारण त्यांचे हात कधी काळे होत नाहीत. मी अर्थातच रिगर ठरलो.

चौथ्या रविवारी पॅनेलचे नट सोडायला दिले आणि मी तोंडावर आपटलो. सवयीनं हाताला आला तो १३ चा पाना. नट होता अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटर. पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल. जोर लावला आणि नटाचे कोपरे गोल झाले. कोणी ओरडलं नाही. चीफनं नुसता इंची पान्यांचा गुंडाळा माझ्यासमोर आणून उलगडला आणि चहा करायला निघून गेला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पुढे मात्र पायाच्या जॅकमधली सीलं, ब्रेकच्या नळ्या, लॉकवायर (नट आपोआप सुटू नये म्हणून बांधायची तार) पिळणं ही कामं माझ्याकडे आली. लॉकवायर पिळायची पद्धत मात्र दोन्ही देशांत एकच निघाली. नट सुटायच्या दिशेला वळला तर तार ताणली गेली पाहिजे. तिथे आमचं एका शब्दावाचून जमायचं.

प्रश्न : स्वच्छ करून, रंग मारून विमान उभं करून ठेवलं तर काय बिघडतं? इंजिन चालू करण्याचा खर्च आणि धोका कशासाठी?
— एक वाचिका, डोंबिवली

ताई, तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण आपल्याकडे नव्वद टक्के गैरसमज इथेच आहे.

विमानाचा खरा शत्रू पाणी. पाऊस वरून पडतो, फटींतून आत शिरतो आणि पंखांच्या कप्प्यांत साचतो. विमान बांधणाऱ्यानं तळाला पाणी निघायला बारीक भोकं ठेवलेली असतात. पाचोळा, धूळ, पक्ष्यांची घाण यांनी ती बुजतात. मग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला आतून पापुद्रे सुटायला लागतात, खारी बिस्किटासारखे. बाहेरून रंग चकाचक असतो, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. नवा रंग मारताना कोणी उत्साहानं ती भोकंच रंगानं बंद केली, तर मग विचारूच नका. असं झालेलं मी पाहिलंय, कुठे ते सांगत नाही.

दुसरा शत्रू पक्षी. हवा आत घेण्याचं तोंड आणि मागची नळी या पाखरांच्या दृष्टीनं आयत्या ढोल्या. एका वसंतात झाकण नीट न बसल्यामुळे आम्ही बादलीभर काड्या काढल्या.

तिसरी गोष्ट रबर. हायड्रॉलिक जॅकमध्ये रबरी सीलं असतात. विमान हलतं तोवर ती तेलानं ओली राहतात. वर्षभर हललं नाही की सुकतात, बसतात, तडकतात. मग पंप चालू केला की लाल धार. टायरचंही तसंच. एकाच जागी भार राहिला की खालची बाजू चपटी होते. म्हणून उभ्या विमानाची चाकंसुद्धा अधूनमधून थोडी फिरवून ठेवावी लागतात. इंजिनाच्या बेअरिंगला तेल फिरायला हवं, विजेच्या जोडांवर गंज धरायला नको. घरातली शिवणयंत्रं, मिक्सर, स्कूटर सगळ्यांचं हेच असतं. स्कूटर चार पावसाळे जिन्याखाली ठेवा आणि मग किक मारून बघा.

म्हणून तिथे वर्षातून काही वेळा इंजिनं चालवायची आणि धावपट्टीवर विमान पळवायचं. मे आणि ऑगस्टअखेर लोकांसाठी खुला दिवस असायचा. तिकिटं, चहा, कॅलेंडरं यांतून इंधनाचे पैसे निघायचे, निदान निघावेत अशी आशा असायची.

धोक्याचं म्हणाल तर आहेच. लायटनिंगचं इंजिन सुरू करायला बॅटरी पुरत नाही. 'अ‍ॅव्हपिन' नावाचं द्रव लागतं, म्हणजे आयसोप्रोपिल नायट्रेट. ते जळायला हवाही लागत नाही. स्वतःच्या स्वतः जळतं, त्या वायूनं एक छोटी टर्बाइन फिरते आणि ती इंजिनाला फिरवते. सुरू होताना जी किंकाळी उठते ती ऐकून माझी बायको पहिल्या दिवशी गाडीत जाऊन बसली. अग्निशामक घेतलेला माणूस बाजूला उभा असल्याशिवाय त्या बटणाला कोणी बोट लावत नसे.

आणि धाव संपताना शेपटीतून पॅराशूट उघडतं, वेग मोडायला. मिगलाही असतं ते. लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. ते ओलं, चिखलानं माखलेलं पॅराशूट गोळा करायचं, टांगून वाळवायचं आणि पुन्हा त्या एवढ्याशा पेटाऱ्यात घडी घालून कोंबायचं, ही आमची संध्याकाळ. बायको एकदा बघत होती. म्हणाली, "माझ्या शालूची घडी घालताना एवढं लक्ष कधी दिलं नाहीत."

प्रश्न : लायटनिंग किती जोरात पळतं? (वय वर्षं ११)
— नाशिक रोड

उडत असताना आवाजाच्या वेगाच्या दुप्पट, बाळा. धावपट्टीवर आम्ही त्याला तेवढं पळू देत नव्हतो.

प्रश्न : एवढं सगळं करून ती विमानं उडवत का नाहीत?
— एक वाचक, ठाणे

परवानगी मिळत नाही म्हणून, आणि माझं मत विचाराल तर ते योग्यच आहे. लायटनिंगसारखं गुंतागुंतीचं विमान ब्रिटनमध्ये खासगी हातात उडवू देत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला काही लायटनिंग खासगीरीत्या उडत होती. २००९ मध्ये त्यांतलं एक एका प्रदर्शनात कोसळलं आणि वैमानिक गेला. २०१५ मध्ये इंग्लंडातच शोरहॅमला हंटर नावाचं एक जुनं लढाऊ जेट रस्त्यावर पडलं आणि अकरा माणसं मेली. त्या उन्हाळ्यात मी तिथेच होतो. पुढच्या रविवारी शेडमध्ये कोणी फारसं बोललं नाही.

उडवलंच तर काय लागतं, त्याचं उदाहरण ब्रन्टिंगथॉर्पनंच घालून दिलंय. व्हल्कन हे चार इंजिनांचं त्रिकोणी बाँबर. हवाई दलाचं शेवटचं व्हल्कन, एक्सएच ५५८, मार्च १९९३ मध्ये इथे येऊन उतरलं. लोकांनी ते पुन्हा उडवायचं मनावर घेतलं. वर्गण्या झाल्या, लॉटरीच्या निधीतून २७ लाख पौंडांवर अनुदान मिळालं, आणि १८ ऑक्टोबर २००७ ला ते याच धावपट्टीवरून उडालं. पुढे आठ वर्षं लोकांना दिसलं. पण त्याच्या मागे उभ्या असलेल्या मूळ कंपन्यांनी तांत्रिक पाठबळ थांबवल्यावर २८ ऑक्टोबर २०१५ ला शेवटचं उड्डाण झालं. विमान धडधाकट होतं. ते सुरक्षित आहे असं कागदावर लिहून देणारा जाणता माणूस उरला नव्हता. या वाक्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एक उड्डाण मात्र कोणाचीही परवानगी न घेता झालं! व्हिक्टर नावाचं आणखी एक जुनं चार इंजिनांचं विमान, जे पुढे हवेतल्या हवेत इंधन भरण्याच्या कामाला लावलं होतं, ते ३ मे २००९ ला धावपट्टीवर जोरात पळवत होते. ठरल्या वेळी इंजिनांची ताकद कमी केली गेली नाही आणि व्हिक्टर उचललं गेलं. काही सेकंद हवेत राहिलं, वाऱ्यानं बाजूला सरकलं आणि गवतात उतरलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. मी तेव्हा तिथे नव्हतो, पण मला हा किस्सा किमान दहा जणांनी सांगितला आणि प्रत्येकाच्या गोष्टीत व्हिक्टर थोडं आणखी उंच गेलेलं असायचं.

प्रश्न : ही माणसं मारायची यंत्रं. त्यातून ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांची. त्यांच्यासाठी मराठी माणसानं रविवार का वाया घालवावा?
— एक वाचक, कोल्हापूर

साहेब, पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही. व्हल्कन अणुबाँब टाकण्यासाठीच बांधलं होतं. शेडमधल्या माझ्या सोबत्यांपैकी एक जण तरुणपणी अशा विमानांवर कामाला होता. तो म्हणायचा, आम्ही रोज ते तयार ठेवत होतो आणि रोज संध्याकाळी ते गेलं नाही म्हणून घरी जाऊन शांत झोपत होतो. ते झाकून ठेवण्यापेक्षा दाखवलेलं बरं असं मला वाटतं. तुम्हाला पटेलच असं नाही.

दुसऱ्या वाक्याबद्दल मात्र थोडं बोलतो. लायटनिंगची पहिली आखणी टेडी पेटर या अभियंत्यानं केली. त्याआधी त्यानंच कॅनबेरा हे बाँबर आखलं होतं. ते कॅनबेरा आपल्या हवाई दलानं १९५७ पासून २००७ पर्यंत, पन्नास वर्षं वापरलं. पेटर पुढे कंपनी सोडून दुसरीकडे गेला आणि तिथे त्यानं चिमुकलं नॅट काढलं. ब्रिटिशांनी ते लढाऊ विमान म्हणून घेतलंच नाही, शिकवण्यापुरतं वापरलं. आपण ते बंगळुरूला बांधलं, त्यावर दोन युद्धं लढलो. निर्मलजितसिंग सेखों श्रीनगरवर १९७१ च्या डिसेंबरात नॅटमधूनच उडाले होते. हवाई दलाला आजवर मिळालेलं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. मग त्या माणसाच्या आखणीपट्टीतून निघालेलं तिसरं विमान मला परकं कसं वाटावं?

आणखी एक. आपल्या हवाई दलाच्या जुन्या विमानांच्या तुकडीत 'परशुराम' नावाचं डाकोटा हे जुनं वाहतुकीचं विमान आहे, १९४७ च्या श्रीनगर मोहिमेच्या आठवणीचं. ते २०१८ मध्ये भारतात आलं, त्याआधी त्याची सगळी दुरुस्ती इंग्लंडात झाली. म्हणजे आपलं जुनं विमान त्यांचे कारागीर उभं करत होते आणि त्यांच्या जुन्या विमानाची सीलं ओझरचा एक म्हातारा बदलत होता. हिशोब फिटला म्हणा.

आणि रविवार वाया गेला का, हे माझ्या बायकोला विचारा. ती तुमच्या बाजूनं बोलेल.

प्रश्न : तिथे आता जाऊन बघता येईल का?
— एक वाचिका, बर्मिंगहॅम

पूर्वीसारखं नाही. युद्धकाळात बाँबर वैमानिक शिकवण्यासाठी बांधलेला हा तळ १९६२ मध्ये बंद झाला. मग तिथे मोटारी तपासायचे, १९८३ पासून तो एका कुटुंबाकडे आला आणि त्यांच्यामुळे ही विमानं तिथे जमली. २०२० मध्ये जागा मोटारींच्या व्यवसायाकडे गेली आणि खुले दिवस संपले. तीन किलोमीटरच्या त्या धावपट्टीवर गाड्यांच्या रांगा. काही विमानं हलली. बकॅनीअर नावाची जुनी हल्ल्याची विमानं जपणाऱ्या गटानं आपली दोन विमानं सुटी करून ग्लॉस्टरशायरच्या केम्बल विमानतळावर नेली. जाण्याआधी चौकशी करा. आणि त्या बाजूला गेलातच तर लटरवर्थचा वाटोळा चौक चुकवू नका. जेट इंजिनाचा जनक फ्रँक व्हिटल याच गावात काम करत होता आणि त्याच्या इंजिनावर १९४१ मध्ये उडालेल्या पहिल्या ब्रिटिश जेट विमानाची प्रतिकृती तिथे खांबावर आहे. चौकात विमान टांगायची हौस फक्त आपल्यालाच आहे असं नाही.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या आवारात एक मिग उभं आहे. टायर बसलेत, काचेत पाणी दिसतं. मिग-२१ निवृत्त झाल्यापासून आम्हा काही मुलांना वाटतंय की त्याचं काहीतरी करावं. कुठून सुरुवात करू?
— इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, नाशिक जिल्हा

मुलांनो, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला तो मी टीव्हीवर पाहिला. १९६३ ला आलेलं विमान. त्यांतली कितीतरी आमच्या ओझरच्या हँगरमधून बाहेर पडली. समारंभ छान झाला. पण समारंभानंतर विमानाचं काय होतं, ते तुमच्या आवारात दिसतंय.

आधी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या. मग कॉकपिटला हात लावायच्या आत एक गोष्ट: वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीत स्फोटक काडतुसं असतात. विमान देताना ती काढलेलीच असतात, पण 'असतात' यावर विसंबू नका. ती काढल्याचा कागद शोधा, नाही मिळाला तर ज्यांनी विमान दिलं त्यांना पत्र लिहा. तोवर वर चढायचं नाही. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर चमकणारा रंग असेल तर तो खरवडायचा नाही, त्यात रेडियम असू शकतं. ब्रन्टिंगथॉर्पलाही या दोन गोष्टींत थट्टा चालत नसे.

मग पहिल्या दिवशी फक्त पाणी. पोटाखाली आणि पंखाखाली झोपून बारीक भोकं शोधा आणि लाकडी काडीनं मोकळी करा. लोखंडी तार नको, चरे पडतात. पावसाळ्याआधी नाकाला आणि शेपटीला झाकणं करा, ताडपत्री चालेल, पण घट्ट गुंडाळू नका. आत हवा खेळली नाही तर घाम सुटतो आणि तो पावसापेक्षा वाईट. टायर बसलेत म्हणता, तर विमान जॅकवर किंवा भक्कम ठोकळ्यांवर घ्यायला लागेल. कुठे टेकू द्यायचा त्याच्या ठरलेल्या जागा असतात. त्या माहीत नसतील तर जॅक लावू नका, पत्रा आत जाईल. रंगाचं नाव सगळ्यात शेवटी काढायचं. इंजिन चालू करायचं स्वप्न डोक्यातून काढा, ते होणार नाही आणि होऊ नये. पण पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, हलले, एक दिवा लागला, तरी पुष्कळ.

आणि वही ठेवा. कोणत्या दिवशी काय उघडलं, काय सापडलं, कोणी बंद केलं.

व्हल्कनबद्दल मी वर म्हटलं ना, की लिहून देणारा माणूस उरला नव्हता. आपल्याकडे तो अजून आहे. ओझरला, पिंपळगावला, नाशिकच्या सिडकोत मिगवर हात चालवलेले शेकडो फिटर, इन्स्पेक्टर, इलेक्ट्रिशियन निवृत्त होऊन नातवंडांना शाळेत सोडतायत. त्यांना कोणी विचारत नाही. विक्रांत आठवतेय? बांगलादेशच्या युद्धातली आपली विमानवाहू नौका, मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं होती. २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला नेली. तिचं थोडं पोलाद मोटारसायकलच्या टाकीत गेलं. तिच्यावरून उडालेली सी हॉक आणि अलिझे ही विमानं निदान गोव्याला दाबोळीजवळच्या नौदलाच्या संग्रहालयात बघायला मिळतात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात का होईना. मी ती बघायला गेलो तेव्हा बायको बीचवर गेली आणि मी सी हॉकच्या पंखाखाली वाकून भोकं मोकळी आहेत का ते बघत होतो. रखवालदार माझ्या मागेमागे फिरत होता, बिचारा.

परवानगी मिळाली की संपादकांच्या पत्त्यावर कळवा. शनिवार मला मोकळा असतो. माझ्याबरोबर आणखी दोघं येतील, एक इलेक्ट्रिकलचा आणि एक सांगाड्याचा. तिघांना मिळून गुडघे चारच चांगले आहेत, तेव्हा खाली झोपायचं काम तुमचं. घरचे मिलिमीटरचे पाने घेऊन या. मिगला इंच लागत नाहीत.